पडायला शिकवणाऱ्या मुलाणी मॅडम

मनगट मोडलेल्या माणसाला विचारायचे जेवढे प्रश्न असतात, तेवढे सगळे मला विचारून झाले होते. बायकोनं विचारलं, “या वयात हे करायला तुम्हाला सांगितलं कोणी?” चाकणच्या कंपनीत साहेबांनी विचारलं, “कदम, ऑडिटच्या तोंडावरच बरा मोडला हात?” सोसायटीतल्या काकांनी विचारलं, “काश्मीरला लोक बर्फ बघायला जातात, तुम्ही त्याच्यावर फळी घेऊन कशाला उभे राहिलात?” पुढे प्लास्टर निघालं. आतला हात वाळलेल्या शेंगेसारखा दिसत होता आणि बोटं माझं ऐकत नव्हती. डॉक्टरांनी व्यायामासाठी आकुर्डीतल्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिथं पहिल्यांदा मला कोणीतरी वेगळं विचारलं.

“कसे पडलात?”

“पुढे,” मी म्हणालो.

“नुसतं पुढे असं काही नसतं. दाखवा.”

मला वाटलं थट्टा चाललीय. पण मुलाणी मॅडमनी कोपऱ्यातली गादी ओढून खोलीच्या मधोमध टाकली, माझे दोन्ही घोटे एका पट्ट्यानं सैलसर बांधले आणि शेजारी गुडघ्यावर बसून राहिल्या. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात, त्यामुळे तोल गेला तर पाऊल टाकून सावरता येत नाही. हे त्यांना कसं माहीत, कोण जाणे. मी चांगलाच संकोचलो होतो. बाकावर बसलेल्या दोन गुडघेदुखीवाल्या आजी डोळे मोठे करून बघत होत्या. शेवटी मी हळूहळू पुढे झुकलो आणि चांगला हात पुढे करून गादीवर टेकलो.

“थांबा. तसेच राहा.” त्यांनी माझ्या तळव्याकडे बोट केलं. “तळवा उघडा, कोपर ताठ, आणि मागून अख्खं अंग त्याच्यावर. हाड बिचारं काय करणार?” मग उठून हात झटकत म्हणाल्या, “तुमच्या काश्मीरच्या गटातले अजून दोघं माझ्याकडेच येतात. तेही तसेच पडलेत. तिघं शहाणी माणसं एकसारखी पडतात म्हणजे तुम्हाला कोणी शिकवलंच नाही.”

त्या दिवशी घरी जाताना मला फार हलकं वाटलं. इतक्या आठवड्यांत मला मूर्ख न ठरवणारी ती पहिलीच व्यक्ती होती.

शमीम मुलाणी त्यांचं नाव. वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर, उंची बेताची, अंगात सलवार-कमीज आणि पायात मात्र जाड तळव्याचे खेळाचे बूट. कमीजच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे असत. रुग्णाचा व्यायाम मोजता मोजता त्या एकेक तोंडात टाकत आणि दुखतंय म्हणून कोणी कुरकुरलं की त्याच्याही हातावर दोन ठेवत. आवाज मोठा नव्हता, पण दवाखान्यात बोललेलं बाहेर रिक्षावाल्यांना कळायचं. कारण त्यांच्या दवाखान्याला दार असं नव्हतंच. खाली त्यांच्या वडिलांचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज, आणि त्याच्या डोक्यावर पत्र्याच्या जिन्यानं जायची ही लांबट खोली. वर मान आखडलेली माणसं, खाली हँडल वाकलेल्या गाड्या. “दोन्ही मजल्यांवर एकच धंदा,” असं त्यांचे अब्बा म्हणायचे.

अब्बा मूळचे तळेगावकडचे. बोलणं अस्सल मावळी. “ही ल्हान असताना दिसभर हितंच बसायची,” त्यांनी एकदा चहा पाजताना मला सांगितलं. “ठोकलेली गाडी आली का इचारायची, अब्बा, चालवणारा कुटं लागला? आता मला काय म्हाईत? मी म्हनायचो, गाडी बघ. लिवर वाकलाय त्या अंगाला पडला आसंल. मग ही गाडीभवती फिरायची आन सांगायची, याचा गुडगा फुटला आसंल, याचा खांदा. पुडं तो मानूस गाडी न्यायला आला का हिचं पयलं काम, त्येचा गुडगा बघायचा.”

“आणि बरोबर असायचं?”

“कवा आसायचं, कवा न्हाई. पन बघायची तर खरी.”

मुलाणी मॅडमच्या बोलण्यातली एक गोष्ट लवकरच माझ्या लक्षात आली. “काळजी घ्या” हे दोन शब्द त्या कधीच उच्चारत नसत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, “काळजी घ्या म्हटल्यावर तो माणूस घरी जाऊन नक्की काय करणार? जिना उतरताना मोबाईल खिशात ठेवा म्हटलं तर निदान ते तरी करेल.” म्हणून त्यांच्याकडून निघणाऱ्या प्रत्येकाला जिन्याशी एकच, पण नेमकं वाक्य मिळे. एका आजींना, “बाथरूममधली ती गोणपाटाची पायपुसणी आजच फेका.” एका टेम्पोवाल्या भावाला, “उडी मारून उतरायचं नाही, तोंड गाडीकडे करून उतरायचं.” मला पहिल्या दिवशी मिळालेलं वाक्य होतं, “पुढच्या वर्षी जायच्या आधी इथं या.”

मी पुढच्या वर्षी जाणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. मी स्वतः तेव्हा कानाला खडा लावला होता.

आमचा गट म्हणजे चाकणच्या कारखान्यातली डोंगर चढायची हौस असलेली माणसं. सुट्टी मिळाली की मावळातले किल्ले धुंडाळायचे, आणि आदल्या हिवाळ्यात काश्मीरला गेलो तेव्हा गुलमर्गच्या उतारावर स्नोबोर्ड शिकायचं खूळ डोक्यात शिरलं. तिघं हात मोडून आलो तरी खूळ उतरलं नाही. पावसाळा संपत आला तशी पुन्हा बोलणी सुरू झाली, आणि मी धीर करून सगळ्यांना मुलाणी मॅडमकडे घेऊन गेलो. तिथून त्यांचा पडायचा वर्ग सुरू झाला.

वर्ग रविवारी सकाळी भरायचा. आधी दवाखान्यातल्या गाद्यांवर, आणि जमायला लागल्यावर चऱ्होलीत. तिथं एका अर्धवट राहिलेल्या गृहप्रकल्पाशेजारी मातीचा मोठा ढिगारा होता. पावसानं त्याच्यावर गवत उगवून चांगला मऊ उतार तयार झाला होता. मॅडम घोटे बांधून प्रत्येकाला वर उभं करत. पुढे तोल गेला तर मुठी मिटायच्या, कोपरं वाकवून दोन्ही हात छातीशी, आणि मनगटावर न पडता कोपरापासून मुठीपर्यंतच्या सगळ्या हातावर पडायचं. मागे तोल गेला तर गुडघे वाकवून आधी खाली बसायचं, मग पाठ गोल करून लोळायचं, हनुवटी छातीला चिकटलेली. हनुवटीखाली त्या प्रत्येकाला आपला रुमाल धरायला लावत. रुमाल गवतावर पडला तर पुन्हा वर.

तिथं फिरायला येणारे लोक थांबून बघत. मोठमोठे इंजिनिअर पाय बांधून, हनुवटीखाली रुमाल दाबून गवतात कोसळताहेत आणि सलवार-कमीजमधली एक बाई ओरडतेय, “मूठ! मूठ! निखिल, हात काय भीक मागायला पुढे केलास का?”

निखिल हा आमच्यातला सगळ्यात तरुण. लातूरकडचा, चाकणला डिझाइन विभागात नुकता लागलेला, एकुलता एक. अंगात दम होता आणि तोल तर उपजतच होता. त्याला पडायला शिकायचा मनापासून कंटाळा यायचा. “मॅडम, मी पडतच नाही तर कशाला शिकवायलाव मला?” तो म्हणायचा.

“तू पडत नाहीस म्हणूनच,” मॅडम म्हणायच्या. “हे कदमसर पडणार, हळू पडणार, उठणार. तू पडशील तेव्हा जोरात असशील.”

आम्ही निघायच्या आधी महिनाभर मॅडमनी अचानक सांगितलं, मीही येते. त्यांनी बर्फ कधी बघितलाही नव्हता. नवऱ्याला विचारलं, अब्बांना सांगितलं. अब्बा हातातला पाना ठेवून म्हणाले, “आमी कवा बर्फ पायलाय व्हय? तू तिकडं जाऊन काय करनार?”

“पडणार,” मॅडम म्हणाल्या.

आणि खरंच, गुलमर्गला पहिला दिवसभर त्या पडल्या. तिथल्या तरुण शिक्षकानं त्यांना पायथ्याच्या सौम्य उतारावर उभं केलं, आणि उभ्या राहिल्या राहिल्या त्या बसल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या. लाल जाकीट, त्याच्याखाली मांडीपर्यंत आलेली कमीज आणि नाकावर बर्फ. पण त्यांच्या चेहऱ्यावर चिडचिड नव्हती. प्रत्येक वेळी उठायच्या आधी त्या क्षणभर तशाच पडून राहत आणि कुठं काय लागलं याचा विचार करत. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं, “वळताना फळीची खालच्या अंगाची कड बर्फात रुतते. ती रुतली की माणूस फेकला जातो, पडत नाही. घरी बघितलेल्या व्हिडिओंत हे कळलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी एक प्रकार झाला, तो मला त्यांच्या सगळ्या शिकवण्यापेक्षा जास्त आवडतो. त्या जरा धीर करून वळायला गेल्या, कड रुतली आणि त्या पुढे फेकल्या गेल्या. आम्ही सगळे बघत होतो. ज्या बाईनं आम्हाला तीन महिने मूठ मूठ म्हणून ओरडून सोडलं, तिचा उजवा हात ताठ, तळवा उघडा, सरळ पुढे गेला.

आम्ही धावलो. त्या बर्फात बसून हाताकडे बघत होत्या. मनगटावर बांधलेला गार्ड होता. हातमोज्याच्या आत घालायचा, तळव्याच्या बाजूला कडक पट्टी असलेला. ती पट्टी वाकली होती. मनगट शाबूत होतं. त्यांनी बोटं हलवून बघितली, एकेक करून, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना.

“गेला हो! हात गेलाच पुढे!” डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसत होत्या. “मी सांगते सगळ्या जगाला आणि माझाच हात ऐकत नाही!”

त्या दिवसापासून त्यांचं शिकवणं बदललं. आधी त्या गार्डला फारसं महत्त्व देत नसत, नीट पडता आलं की झालं असं त्यांचं मत होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, “मी चुकीचं सांगत होते. शिकलेलं सगळं घाबरल्यावर आठवतंच असं नाही. तेव्हा पडायला शिकायचं, आणि तरीही गार्ड घालायचा. दोन्ही.” आपण चुकत होतो हे इतक्या आनंदानं सांगणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत.

हेल्मेटचा वाद त्याआधीच, पहिल्या सकाळी झाला होता. सामान भाड्यानं देणाऱ्या दुकानात मॅडम एकेक हेल्मेट उलटं करून आतलं थर्माकोलसारखं अस्तर अंगठ्यानं दाबून बघत होत्या. भेग दिसली की बाजूला. दुकानदार आधी वैतागला, मग स्वतःच आतून नवी काढून द्यायला लागला. निखिलनं मात्र हेल्मेट परत मांडणीवर ठेवलं. “व्हिडिओत तोंड दिसत नाही राव,” तो मला म्हणाला.

मॅडम रागावल्या नाहीत. खिशातून मोबाईल काढून म्हणाल्या, “बरं. तुझ्या आईचा नंबर दे.”

“आईचा? कशाला?”

“आत्ताच ओळख करून घेते. नंतर एकदम फोन केला तर त्या घाबरतील.”

 निखिलनं हेल्मेट उचललं आणि डोक्यात घातलं. पण मॅडमनी नंबर घेतलाच, आणि त्या संध्याकाळी खरोखरच त्याच्या आईला फोन लावून अर्धा तास गप्पा मारल्या. धपाट्याच्या पिठात काय काय घालायचं इथपर्यंत बोलणं गेलं होतं.

आमचा तिसरा दिवस होता. दुपार कलायला लागली होती. दिवसभराच्या उन्हानं विरघळलेला बर्फ सावली आली तसा पुन्हा घट्ट व्हायला लागला होता. मॅडमनी सगळ्यांना खाली बोलावलं. दमल्यावर, घट्ट बर्फावर कोणी थांबायचं नाही हा त्यांचा नियम. आम्ही एकेक करून उतरत होतो. निखिल सगळ्यात वर होता, आणि आता तो खरंच छान उतरत होता. शेवटच्या वळणावर त्याच्या टाचेकडची कड रुतली. पाय पुढे गेले, आणि तो पाठीवर, मग डोक्यावर आपटला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दगडावर नारळ आपटल्यासारखा.

आम्ही पोचलो तेव्हा तो बसलेला होता आणि हसत होता. “काई झालं नाही, काई झालं नाही.” उठायलाच निघाला होता.

“बस,” मॅडम म्हणाल्या. तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. त्या त्याच्यासमोर बर्फात गुडघ्यांवर बसल्या. हातापायांना मुंग्या येताहेत का, मान दुखतेय का, एकेक विचारत होत्या. तो नीट उत्तरं देत होता. मला वाटलं, सुटलो. एवढ्यात त्यानं विचारलं, “मॅडम, आपण वर कधी आलाव?”

“सकाळी आलो, निखिल.”

“हां.” थोडा वेळ गेला. “मॅडम, आपण वर कधी आलाव?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा रंग उतरला होता, पण हात स्थिर होते. त्यांनी शिक्षकाला पळवून बर्फातली घसरगाडी मागवली, निखिलची मान हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली, आणि त्याला पायथ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, मानेला पट्टा लावला आणि सांगितलं, श्रीनगरला नेऊन डोक्याचा स्कॅन करा. त्यानं त्यांच्यासमोरसुद्धा दोनदा तेच विचारलं.

बाकीचे मागे थांबले, मॅडम आणि मी त्याला घेऊन गाडीनं निघालो. त्याचं हेल्मेट माझ्या मांडीवर होतं. मागच्या बाजूला बोट जाईल एवढी चीर पडली होती.

गाडी खाली उतरत असतानाच मॅडमचा फोन वाजला. निखिलची आई. ती रोज त्याच वेळी मुलाला फोन करायची, आणि त्यानं उचलला नव्हता. मी घाईनं म्हणालो, “सांगा, रेंज नाही. स्कॅन झाल्यावर बोलू.”

मॅडमनी मान हलवली आणि फोन उचलला. तो असा हातात धरला की पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“मॅडम, पोरगं फोन उचलंना झालंय. काय करायलंय?”

“आई, निखिल पडलाय. डोक्याला मार बसलाय. हेल्मेट होतं. आत्ता माझ्याशेजारी झोपलाय, डोळे उघडे आहेत, माझ्याशी बोलतोय. पण मधलं थोडं विसरतोय, म्हणून मोठ्या दवाखान्यात नेतोय. डोक्याचा फोटो काढतील. तो येईपर्यंत मला पुढचं काही माहीत नाही. जे कळेल ते मी स्वतः सांगेन तुम्हाला. दुसऱ्या कोणाचं ऐकू नका.”

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला. मग बारीक आवाजात, “तुमी हाव ना त्याच्याजवळ?”

“आहे.”

“मग मी बसते हितं.” एवढं बोलून त्या माउलीनं फोन ठेवला.

मॅडमनी एका हातानं निखिलचा हात धरला होता. श्रीनगर येईपर्यंत त्या त्याच्याशी बोलत राहिल्या. चाकणला कॅन्टीनमध्ये मंगळवारी काय असतं, लातूरहून आकुर्डीला यायला कुठली बस बरी, असलं काहीतरी. तो उत्तर द्यायचा, आणि मधूनच तो प्रश्न पुन्हा यायचा. प्रत्येक वेळी त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या म्हणत, “सकाळी आलो, निखिल.” गाडीचा चालक काश्मिरी म्हातारा होता. त्याला भाषा कळत नव्हती, पण तोही त्या प्रश्नाच्या वेळी आरशातून बघायचा.

दवाखान्यात त्याला आत नेलं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो.  मॅडम भिंतीकडे बघत होत्या आणि ओठ हलत होते. मी दुसरीकडे बघत राहिलो. एकदाच म्हणाल्या, “मागे पडताना हनुवटी आत घेतली होती का त्यानं? तुम्ही बघितलंत?”

मी बघितलं नव्हतं. मी डोळे मिटले होते.

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, घाईत होते, आणि त्यांनी अगदी सहज सांगितलं. कवटी ठीक, मान ठीक, आत रक्तस्राव नाही. मेंदूला हादरा बसलाय. आज इथं नजरेखाली ठेवू. पुढे काही आठवडे विश्रांती, आणि खेळ तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत अजिबात नाही. “हेल्मेट नसतं तर ही गोष्ट मी अशी उभ्या उभ्या सांगितली नसती,” ते म्हणाले आणि गेलेही.

मॅडमनी लगेच फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

“आई, काही नाही. हाड नीट, रक्त नाही, काही नाही. विश्रांती लागेल, बस.”

पलीकडून घरात कोणाला तरी मोठ्यानं मारलेली हाक ऐकू आली. “ओ, ऐकलाव का? नीट हाय! लेकरू नीट हाय!” मागे भांडं पडल्याचा आवाज, कोणी हसतंय की रडतंय ते कळेना. बाई फोन ठेवायचंच विसरून गेल्या होत्या. मॅडम तो कानाला लावून ते सगळं घर ऐकत बसल्या. बंद केला नाही.

मग म्हणाल्या, “कदमसर, मला फार भूक लागलीय.”

मी समोरून चहा आणि तिथली गोल खमीरवाली रोटी आणली. आम्हा तिघांना पुरेल इतकी आणली होती. त्यांनी मान खाली घालून, चहात बुडवून बुडवून सगळ्याच्या सगळ्या रोट्या खाल्ल्या. कागद रिकामा झाल्यावर भानावर येऊन म्हणाल्या, “अरे, तुमच्या?” आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. येणारीजाणारी माणसं वळून बघायला लागली तरी आम्हाला थांबता येईना. रात्री निखिलनं आम्हाला बघून विचारलं, “आज जेवायला काय हाय?” तो प्रश्न त्यानं एकदाच विचारला. मॅडमनी डोळे पुसले आणि सांगितलं, “डाळभात.”

निखिल पूर्ण बरा झाला. आधी महिनाभर उजेडाचा त्रास, संगणकासमोर बसलं की डोकं दुखायचं, पण मॅडमनी त्याला हळूहळू, टप्प्याटप्प्यानं रुळावर आणलं. त्याची आई त्याला भेटायला आकुर्डीला आली तेव्हा आधी गॅरेजवर आली. मोठ्या डब्यात धपाटे. मॅडम वर रुग्णांत होत्या, म्हणून ती खाली अब्बांच्या बाकावर बसली. अब्बांनी चहा मागवला. दोघांची ओळख नव्हती, बोलायला विषय नव्हता. शेवटी अब्बा म्हणाले, “पोरं आयकत न्हाईत.” ती म्हणाली, “ऐकत नाहीत, पर तुमच्या पोरीचं ऐकलं.” तेवढ्यावर दोघंही समाधानानं चहा पीत राहिले.

पडायचा वर्ग पुढे वाढला. पुण्याहूनही लोक यायला लागले. कोणी बर्फावर जाणारे, कोणी स्केटबोर्डवाले, आणि नंतर नंतर तर बर्फाशी काही संबंध नसलेल्या बायका, ज्यांना फक्त घरात पडायची भीती वाटत होती. आमच्या गटात त्यानंतर खरचटलं, मुका मार लागला, एकाचा घोटाही मुरगळला, पण मनगट कोणाचं मोडलं नाही. दर वेळी सगळे धडधाकट परत आलो की मी पुण्यात उतरल्या उतरल्या त्यांना फोन करायचो. त्या फक्त विचारायच्या, “सगळ्यांची मनगटं?” मी म्हणायचो, “आहेत.” पलीकडे शेंगदाणा फुटल्याचा आवाज यायचा.

मग त्यांच्या मिस्टरांची बदली झाली. कंपनीचा नवा कारखाना चेन्नईकडे होता. “जिथं फ्रिज सोडून कुठं बर्फ नाही तिथं चाललेय,” असं सगळ्यांना सांगत होत्या. अब्बांना सोबत नेणार होत्या. गॅरेज पुतण्यानं घेतलं. चऱ्होलीचा ढिगारा सपाट करून तिथं आता इमारत झाली आहे. वर्ग निखिल दुसऱ्या जागी घेतो, आणि मॅडमपेक्षा जास्त ओरडतो.

निघायच्या आधी आठवडाभर त्यांचं घर आवरणं, दवाखाना आवरणं, रुग्णांना निरोप देणं चाललं होतं. सामानाचा टेम्पो आदल्या दिवशी गेला. सकाळी मी गॅरेजवर पोचलो तेव्हा गल्लीतली माणसं जमली होती. कोणी हार आणला होता, कोणी केळी. मॅडम सगळ्यांशी बोलत होत्या, सगळ्यांना काही ना काही सांगत होत्या. माझ्याशी नीट बोलणं झालंच नाही. गाडी हलली. पहिला मुक्काम सोलापूरला नणंदेकडे होता. मी स्कूटर काढली आणि हायवेपर्यंत मागे मागे जायचं ठरवलं, निदान हात तरी करू म्हणून.

मोठ्या कारखान्यासमोरच्या सिग्नलला पहिल्या शिफ्टची गर्दी होती. मी गाड्यांमधून वाट काढत त्यांच्या गाडीशेजारी आलो आणि हात वर केला.

मॅडम झोपल्या होत्या. आकुर्डीही संपली नव्हती आणि त्या गाढ झोपल्या होत्या. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, हाराचं एक फूल केसात अडकलेलं. मागच्या सीटवर अब्बा खिडकीतून बाहेरच्या मोटरसायकली बघत होते. मिस्टरांनी मला बघितलं, हसले, आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी हात खाली घेतला. सिग्नल सुटला. मागून कोणीतरी हॉर्नवर हात ठेवलाच. मी वळून त्याला खूण केली, थांब जरा. गाडी हळूच पुढे सरकली, डावीकडे वळली, आणि त्यांना जाग न येता निघून गेली.